प्रकाशोपचार आणि कष्टकऱ्याचा चेहरा

कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसाने पगार, बोनस आणि कामाचे तास यांवर बोलावे. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हा काही त्याचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. आम्हांलाही तसेच वाटत होते. तो समज एका बाईंनी मोडला.

कापडाच्या एका मोठ्या दुकानात या बाई एकवीस वर्षे गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडीत होत्या. वय चव्वेचाळीस. नव्या व्यवस्थापकाने एके दिवशी त्यांना बोलावून सांगितले, की गिऱ्हाइकाला ताजा चेहरा पाहावयास आवडतो. तेव्हा तुम्ही मागे गोदामात बसा, नाही तर चेहऱ्याचे काही तरी करा. गोदामात बसणे म्हणजे विक्रीवरचे कमिशन बुडणे. बाईंनी पतपेढीतून कर्ज काढले आणि एका सौंदर्यालयात जाऊन ‘फोटोफेशियल’ नावाचा प्रकाशाचा उपचार करून घेतला. आठवड्याभरात दोन्ही गालांवर काड्यापेटीच्या आकाराचे चौकोनी काळे डाग उमटले. आमच्या कचेरीत आल्या तेव्हा त्यांनी पदर गालावर ओढून धरला होता.

त्यांच्या तक्रारीचे कागद करावयाचे म्हणून आम्ही या उपचाराची माहिती गोळा करू लागलो. आमचे शिक्षण बेताचे. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात असे करीत आम्ही सव्वाशे वर्षे मागे गेलो आणि ध्यानात आले, की ही हकीकत जितकी सौंदर्याची आहे तितकीच श्रमाची आहे. तीच आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

प्रथम सुरकुतीचे मूळ पाहू. आपल्या दंडाच्या आतल्या बाजूची कातडी पाहा आणि मग मनगटाच्या पाठीवरची पाहा. दोन्हींचे वय एकच. तरीही एक मऊ आणि एकरंगी, तर दुसरी जाडसर, ठिपक्यांची आणि रेघांची. हा फरक उन्हाने पडलेला आहे. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु वैद्यकशास्त्र ती शिकले कोणाच्या चेहऱ्यावरून? १८९४ साली हॅम्बुर्ग येथील त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना याने उन्हावाऱ्यात राबणाऱ्या खलाशांच्या कातडीत होणारे फेरफार वर्णिले आणि त्यांना नावही ‘खलाशाची कातडी’ असेच दिले. दोन वर्षांनी फ्रान्समधील बोर्दोच्या द्यूब्रेय याने द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या मजुरांच्या चेहऱ्यांवर तोच प्रकार पाहिला आणि कातडीच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जोडला. उन्हाने येणाऱ्या वार्धक्याचे पहिले धडे असे खलाशांच्या आणि मजुरांच्या गालांवरून वाचले गेले.

अलीकडचे उदाहरण तर फारच बोलके आहे. २०१२ साली अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका मालमोटारचालकाचे छायाचित्र छापून आले. त्याने २८ वर्षे मालाची गाडी हाकली होती. तिकडे चालक डाव्या अंगाला बसतो. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू जाड, लोंबलेली, खोल वळ्यांची झाली होती. उजवी पुष्कळच तुकतुकीत राहिली होती. सूर्याच्या अतिनील किरणांतील लांब लहरींचे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात आणि कातडीच्या खालच्या थरातील कोलॅजेनचे व लवचीक तंतूंचे विणकाम उसवतात. त्या माणसाच्या उजव्या गालावर त्याचे वय लिहिले होते आणि डाव्या गालावर त्याची नोकरी. आपल्याकडे सुकाणू उजवीकडे असते, एस.टी.च्या जुन्या चालकांचा उजवा गाल एकदा नीट न्याहाळून पाहावा.

आता दुसरी बाजू. जो प्रकाश चेहरा बिघडवतो तोच चेहरा दुरुस्तही करू शकतो, हे दाखवून दिले नील्स फिन्सेन या डॉक्टरने. १८६० साली उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर त्याचा जन्म झाला आणि डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला, तो वैद्यक शिकला. तो स्वतः तरुणपणापासून आजारी असे. त्याचे घर उत्तराभिमुख होते. अंगात रक्त कमी. उन्हात गेले की बरे वाटे. हे बरे वाटणे म्हणजे काय, याचा तो विचार करू लागला.

त्या काळी युरोपात क्षयाचा एक प्रकार कातडीला होत असे. नाक, गाल, ओठ हळूहळू खाल्ले जात. कोंदट घरांत राहणाऱ्या गरिबांत तो विशेष. रोगी मरत नसे, पण त्याला माणसांत येण्याची आणि काम मिळण्याची चोरी होई. शस्त्राने खरवडणे, डागणे याखेरीज इलाज नव्हता. १८९५ च्या अखेरीस मोगेन्सेन नावाच्या एका एंजिनियरावर फिन्सेनने पहिला प्रयोग केला. जागा होती कोपनहेगनचे विजेचे कारखानघर, कारण प्रखर कार्बन-आर्कचा दिवा तेथेच मिळे. अनेक वर्षांचे दुखणे काही महिन्यांत पुष्कळच ओसरले. दुसऱ्या वर्षी, १८९६त, देणग्यांतून प्रकाशोपचाराची संस्था उभी राहिली.

तेथील कामाची पद्धत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. एका मोठ्या आर्कच्या दिव्याला चार नळ्या जोडलेल्या. प्रत्येक नळीखाली एक रोगी. उष्णता काढून टाकण्यासाठी प्रकाश पाण्यातून आणि स्फटिकाच्या भिंगांतून गाळलेला. रक्त आड येऊ नये म्हणून एक परिचारिका स्फटिकाचे भिंग रोग्याच्या कातडीवर दाबून धरी. एका बैठकीला तासभर लागे, एका वेळी रुपयाएवढी जागा साधे, आणि असे महिनोन् महिने चाले. फिन्सेनला १९०३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रकमेचा मोठा वाटा त्याने संस्थेला देऊन टाकला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी, तो वारला. पारितोषिकावर त्याचे नाव आहे. तासन् तास उभ्या राहून भिंग दाबणाऱ्या त्या परिचारिकांची नावे कोणी सांगत नाही. पण त्यांच्या हातांवाचून तो दिवा काही बरा करू शकता ना.

पुढे क्षयावर औषधे निघाली, विशेषतः १९५२ नंतर आयसोनियाझिड आले, आणि हे दिवे मागे पडले. तथापि एक गोष्ट लक्षात ठेवावी. फिन्सेनचा आर्क आणि आपल्या कारखान्यांतील वेल्डरचा आर्क हे सख्खे भाऊ आहेत. एकाने नाकाडोळ्यांचे रूप परत दिले. दुसरा मानेची कातडी सोलून काढतो आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग लावतो. फरक प्रकाशाच्या जातीत फारसा नाही. तो मात्रेत आहे, आणि दिवा कोणाच्या हाती व कशासाठी, यात आहे.

हा फरक विसरला की काय होते, याचे धडे विसाव्या शतकाने लवकरच दिले. क्ष-किरणांनी केस गळतात असे दिसून आल्यावर १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘ट्रायको’ नावाची यंत्रे सौंदर्यालयांतून बसवली गेली. गायझर नावाच्या डॉक्टरची ही योजना. यंत्र चालवणारे डॉक्टर नसत. थोडीबहुत शिकवण घेतलेल्या दुकानातल्या बायका ते चालवीत. हनुवटीवरचे, ओठांवरचे केस जावेत आणि चांगल्या घरात किंवा कचेरीत सहज वावरता यावे, या आशेने हजारो स्त्रिया त्या खोक्यापुढे बसल्या. केस गेले, पण काही वर्षांनी कातडी सुरकुतली, व्रण पडले आणि कित्येकींना कर्करोग झाला. त्याच सुमारास न्यू जर्सीत घड्याळाच्या तबकड्यांवर चमकणारे रेडियम रंगवणाऱ्या मुली, कुंचल्याचे टोक ओठांनी निमुळते करता करता, जबड्याची हाडे गमावीत होत्या. त्यांपैकी पाच जणींनी १९२७ साली दावा लावला आणि दुसऱ्या वर्षी मालकाला तडजोड करावी लागली. आणि १९३३ साली फ्रान्समध्ये रेडियम घातलेले चेहऱ्याचे मलम थाटात बाजारात आले! अतिनील दिव्यांखाली निजून कातडी तांबूस करण्याची खुळे तर आपल्या डोळ्यांसमोरची. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ साली ती उपकरणे कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात टाकली.

याहून काळे पान फिलाडेल्फियाचे. तेथील होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ पर्यंत डॉ. आल्बर्ट क्लिगमन यांनी कैद्यांच्या कातडीवर नाना औषधांचे आणि रसायनांचे प्रयोग केले. कैदी बहुतेक काळ्या वर्णाचे, मोबदला किरकोळ. हेच क्लिगमन पुढे उन्हाने येणाऱ्या वार्धक्याचे मोठे अभ्यासक म्हणून गाजले. सुरकुत्यांवरचे ट्रेटिनॉइन हे मलम त्यांच्याच नावाशी जोडलेले आहे. त्यांच्या विद्यापीठाने २०२१ साली आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ साली या प्रकाराबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. मलम गुणकारी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर आहे तेवढीच नव्हती.

आता आजच्या यंत्रांकडे वळू. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीभोवती लख्ख उजळणारा दिवा गुंडाळून पहिला लेसर प्रकाश पाडला. साध्या दिव्याचा उजेड जत्रेतल्या गर्दीसारखा, वाटेल त्या दिशेला पांगणारा. लेसरचा उजेड एका रंगाचा, एका पावलाने चालणारा. थोड्याच काळात सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो कातडीवर वापरून पाहिला. गोऱ्या कातडीपेक्षा काळा केस आणि काळा डाग तो अधिक शोषतो, हे त्यांच्या ध्यानात आले. या एका निरीक्षणात पुढचे सारे शास्त्र बीजरूपाने आहे.

येथे आपल्या मातीचा एक धागा येतो. बारामतीत १९३८ साली जन्मलेले आणि पुण्याच्या एंजिनियरिंग कॉलेजातून पदवी घेतलेले चंद्रकुमार पटेल हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेले आणि १९६४ साली त्यांनी कार्बन डायॉक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि पाणी तो झपाट्याने शोषून घेते. कारखान्यांत पत्रा कापावयास हा लेसर आला; आणि कातडीत पाणीच पाणी असल्याने १९९० नंतर तोच चेहऱ्याचा वरचा थर वाफ करून उडवण्यासही वापरात आला. खालचा थर तापून आकसे, नवे कोलॅजेन धरे, सुरकुत्या खरोखरच कमी होत. सुरी लागत नसे. परंतु आठवडा दोन आठवडे चेहरा ओल्या जखमेसारखा राही, लाली महिनोन् महिने टिके आणि सावळ्या माणसाला काळे डाग पडत.

हे टाळण्याची किल्ली १९८३ साली बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी मांडली. तत्त्व घरगुती दाखल्याने समजते. उन्हात पांढरे धोतर तापत नाही, काळी छत्री तापते. आणि निरांजनाच्या ज्योतीतून बोट झर्रकन नेले तर भाजत नाही, रेंगाळले तर भाजते. तेव्हा असा रंग निवडावा, की जो नको असलेला डागच शोषील. आणि झोत इतका क्षणिक ठेवावा, की डागाची उष्णता शेजारी पसरण्यापूर्वीच तो थांबेल. या तत्त्वावरचा पहिला मोठा लाभ कोणाला झाला? जन्मतःच अर्ध्या चेहऱ्यावर लालजांभळा डाग घेऊन आलेल्या लहान मुलांना. डाग ज्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा असतो, त्यांना रंगद्रव्याच्या पिवळ्या लेसरने मिटवता येऊ लागले. ज्या मुलाला वर्गात सारे टक लावून पाहत, त्याच्यासाठी शोधलेली ही विद्या होय. फिन्सेनची परंपरा येथे जिवंत दिसते.

त्यानंतर बाजार आला. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास लेसरऐवजी झेनॉन वायूच्या दिव्याचा बहुरंगी झोत, चाळणीतून गाळून, क्षणाक्षणाने मारणारी यंत्रे निघाली. तीच आज ‘आय.पी.एल.’ किंवा ‘फोटोफेशियल’ म्हणून ओळखली जातात. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने काही बैठका घेतल्या तर उन्हाचे तपकिरी ठिपके गडद होऊन गळून पडतात आणि बारीक लाल शिरा फिकटतात. खोल सुरकुतीवर मात्र फारसा परिणाम होत नाही. २००४ साली मॅनस्टाइन, अँडरसन आदींनी आणखी एक युक्ती सांगितली: साऱ्या चेहऱ्याला न भाजता सुईच्या अग्राहून बारीक असे असंख्य ठिपके भाजावेत आणि मधली कातडी शाबूत ठेवावी, म्हणजे शेजारची निरोगी कातडी जखम लवकर भरून काढते. भाताचे रोप एकेक हात सोडून लावावे, तसा हा प्रकार. राहता राहिले तांबड्या दिव्यांचे मुखवटे. त्यांचे मूळ बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांच्या १९६७ च्या उंदरांवरील प्रयोगांत आहे. सौम्य लेसरखाली उंदरांचे केस लवकर वाढले, तेव्हा न भाजताही प्रकाश पेशींना चाळवतो, अशी कल्पना निघाली. या मुखवट्यांनी थोडी सुधारणा होते असे काही लहान प्रयोग सांगतात. विक्रेत्यांच्या जाहिराती त्याहून पुष्कळ मोठ्याने सांगतात.

आता आमच्या बाईंच्या गालांवरील चौकोन कसे उमटले, ते आपल्या लक्षात आले असेल. तो झोत डागातील काळ्या रंगद्रव्याचा शोध घेत येतो. पण सावळ्या कातडीत ते रंगद्रव्य सर्वत्रच असते. काळी छत्री शोधणाऱ्या उन्हापुढे सगळे अंगणच काळ्या छत्र्यांनी भरलेले असावे, तसे. अशा कातडीला मात्रा कमी, झोत लांब आणि शक्य तर वेगळ्या लहरींचा लेसर लागतो. कातडीचे प्रकार पाडण्याची जी मोजपट्टी जगभर वापरतात, ती हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली केली, तेव्हा ती गोऱ्या लोकांपुरतीच होती. सावळ्या आणि काळ्या लोकांचे वर्ग मागाहून जोडले गेले. म्हणजे प्रयोगाच्या वेळी तुरुंगातली काळी कातडी चालली. मोजपट्टी आखताना तिची आठवण उशिरा झाली. बाईंना तपासणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले, की सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीची मात्रा दिली गेली आहे. यंत्र चालवणारी मुलगी विशीतली, आठ हजारांवर नोकरीस; तिला कोणी नीट शिकवलेच नव्हते. तिला दोष देण्यास आमची जीभ वळली नाही. ट्रायकोच्या खोक्यामागे उभ्या असलेल्या बायका आम्हांला तेथे दिसल्या.

कोणी म्हणेल, तुमचा रोख नटण्यावर आहे. मुळीच नाही. आरशात पाहून बरे वाटावे ही इच्छा गिरणीतल्या बाईलाही असते आणि बंगल्यातल्या बाईलाही. कोणी जाणत्या डॉक्टरकडे जाऊन, नीट विचारून, स्वतःच्या खुशीने हा उपचार घेत असेल तर आमची त्याला ना नाही. आमचा आक्षेप एवढाच, की चेहरा ही नोकरीची अट होऊ नये. यंत्राचे पाते झिजले तर मालक ते आपल्या खर्चाने बदलतो. माणूस झिजला तर मात्र त्याने स्वतःच्या कर्जाने स्वतःला बदलून आणावे, हा कुठला न्याय?

आणि जो खरोखर स्वस्त उपाय आहे त्याची जाहिरात कोणी करीत नाही. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर या गावी सुमारे नऊशे प्रौढांवर प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ऊनरोधक मलम रोज लावण्यास सांगितले होते, त्यांच्या कातडीत साडेचार वर्षांनंतरही वार्धक्याची वाढ मोजण्याइतकी दिसली नाही. लाखांच्या यंत्राने जे अर्धेमुर्धे परत मिळते, ते मुळात जाऊच नये याची ही तजवीज. रस्त्यावर डांबर टाकणाऱ्यांना रुंद काठाची टोपी, बांधकामावर सावलीची ताडपत्री, वेल्डरला मानेपर्यंतचा पडदा, चालकाच्या काचेला अतिनील किरण अडवणारा थर, भर दुपारी कामाला विसावा — यांतील एकही मागणी चैनीची नाही. पुढल्या करारात आम्ही त्या पगारवाढीच्या कलमाखालीच लिहिणार आहोत.

त्या बाईंचे काय झाले, हे आपण विचारालच. संघटनेच्या पत्रानंतर दुकानाने त्यांना पुन्हा गादीवर बसवले. उन्हापासून जपल्याने आणि औषधाने ते चौकोन चौदा महिन्यांत बरेच पुसट झाले आहेत. कर्जाचे मात्र अजून पाच हप्ते आहेत. परवा त्या कचेरीत आल्या, तेव्हा गालावर पदर नव्हता. येताना सोबत दुकानातल्या दोघी सहकारी होत्या. दोघींनाही सभासद व्हावयाचे होते.